‘नियोजित उपनगर’ : वसलेलं की वसायचं?

विचारणा (सांगली)
आमच्या गटातली मंडळी पुढच्या महिन्यात बेलापूरचं ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’, म्हणजे आधी आराखडा करून मग बांधलेली घरं, बघायला नवी मुंबईला निघाली आहेत. वास्तुकला शिकवणारे एक सर सोबत असतील. पत्रकाच्या मसुद्यात ‘नियोजित आधुनिकतावादी उपनगराची मार्गदर्शित वास्तुफेरी’ असं आलंय. ते वाचून एका काकांनी विचारलं, “बांधकाम कधी सुरू होणार?” काय लिहावं?

मिरज
काकांचं बरोबरच आहे. नियोजित वधू, नियोजित अध्यक्ष, मोकळ्या प्लॉटवरची ‘नियोजित सभागृहाची जागा’ ही पाटी... नामाआधी नुसतं ‘नियोजित’ आलं की ‘अजून व्हायचंय’ हाच अर्थ आधी डोक्यात येतो. ‘नियोजनबद्ध’नं शंका मिटते, पण शब्द फार सरकारी. मी ‘आखीव’ लिहीन. आधी कागदावर रेघा पडल्या, मग घरं उठली, हे त्यात आपोआप येतं.

‘उपनगर’ही सांगलीत जपून वापरा. इथं उपनगर म्हणजे विस्तारित भाग, गुंठेवारी. शेत गुंठ्यागुंठ्यानं विकलं गेलं, घरं झाली, रस्ता-गटारं मागाहून. ते नियमित करायला २००१ साली कायदा करावा लागला. बेलापूरचा क्रम नेमका उलटा आहे. एकाच शब्दानं दोन्ही सांगितलं तर बघण्यासारखं काय आहे तेच हरवतं.

सातारा
मग ‘वसाहत’ घ्या. एमआयडीसीची आठवण होईल, होऊ दे. या शब्दात ‘वसवणं’ आहे आणि तेच महत्त्वाचं. आमच्याकडं पेठा वसवल्या म्हणतात, वाढल्या म्हणत नाहीत. तुमच्याच जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी बघा. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर कारखाना आणि वस्ती उभी केली. नावात वाडी आहे, पण ती वसवलेलीच.

सांगली (दुसरे वाचक)
‘वास्तुफेरी’बद्दल. हल्ली ‘वास्तू’ म्हटलं की लोकांना दिशा, दोष, वास्तुशांत आठवते. ‘स्थापत्य’ म्हणावं तर बांधकाम खात्यातला स्थापत्य अभियंता म्हणजे सिव्हिल इंजिनिअर. ‘फेरी’ मात्र चांगला शब्द आहे, ‘वारसाफेरी’ आता रुळलाय. ‘मार्गदर्शित’ काढाच, तसं कुणी बोलत नाही. ‘माहिती सांगायला सर सोबत आहेत’ एवढं पुरतं.

‘आधुनिकतावादी’ चंदीगडला शोभेल. तिथं वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचं उघडं काँक्रीट आहे, ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर आहेत. बेलापूरची आखणी वास्तुकार चार्ल्स कोरिया यांची, १९८०च्या दशकातली. पण घरांना उतरती कौलारू छपरं होती. विचार नवा, रूप ओळखीचं. एका विशेषणात ते मावत नाही, सरांनाच सांगू द्या.

विचारणा (सांगली)
आभारी आहे. आता असं केलंय : ‘बेलापूरच्या आखीव वसाहतीत एक फेरी. घरं, गल्ल्या आणि मोकळ्या जागांची माहिती सांगायला सर सोबत आहेत.’ एक राहिलं. त्या मोकळ्या जागांना काय म्हणायचं? मसुद्यात सगळीकडं ‘सामायिक खुले क्षेत्र’ आहे.

कराड
ते क्षेत्र सातबाऱ्यावर राहू दे. तिथं मोकळ्या जागांची उतरंड आहे आणि मराठीत तिच्यासाठी शब्दही आहेत. सात घरं मिळून साधारण ८ बाय ८ मीटरची एक जागा. दारातून पाऊल टाकलं की ती लागते, समोरच्या घरातलं बोलणं ऐकू येतं. हे अंगण, फक्त सात घरांचं. असे तीन गट, म्हणजे २१ घरं, साधारण १२ बाय १२ मीटरच्या जागेभोवती बसतात. तो चौक. पण ‘वाड्यातल्यासारखा चौक’ असं लिहा. नुसतं ‘चौक’ म्हटलं तर रस्ते मिळतात ती जागा डोळ्यापुढं येते. त्याहून मोठं ते पटांगण. अंगण, चौक, पटांगण हे तिन्ही शब्द पत्रकात त्याच क्रमानं येऊ द्यात, म्हणजे फेरीत कुठून कुठं आलो ते माणसाला कळेल.

आणखी एक. प्रत्येक घर आपापल्या जागेवर सुटं आहे, शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही. कुटुंब वाढलं की घर वाढवता यावं म्हणून हे मुद्दाम केलं होतं. आता बऱ्याच ठिकाणी जुनी घरं पाडून मजले चढलेत. त्यांना ‘अतिक्रमण’ म्हणू नका. ‘वाढवलेली घरं’ म्हणा, आणि मूळ कौलारू घर अजून कुठं उभं आहे ते सरांना आधी विचारून ठेवा.