विषय: रविवारची चर्च-फेरी सकाळी दहाला नको

प्रेषक: पहिल्या सत्राची विद्यार्थिनी

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आपल्या म्युनिकमधल्या चर्च-फेरीच्या पत्रकात रविवारी सकाळी दहाला मारियनप्लात्स या मुख्य चौकातल्या कारंज्यापाशी जमून थेट फ्राउएनकिर्श या मोठ्या चर्चमध्ये शिरायचे, असे लिहिले आहे. मागच्या रविवारी साधारण त्याच वेळी मी एकटीच शहरातल्या एका जुन्या चर्चमध्ये गेले होते. आत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, चालू होती, मधल्या वाटेवर दोर बांधला होता आणि दारातल्या गृहस्थांनी अगदी हळू आवाजात विचारले, "प्रार्थनेला आलात की पाहायला?" मला उत्तर सुचले नाही, मी तशीच परत फिरले. आपण वीस जण एकदम गेलो तर त्या माणसांना किती व्यत्यय येईल, या विचाराने मला अस्वस्थ वाटते. फेरी शनिवारी घेता येईल का?

प्रेषक: सहल समिती

शनिवारी मराठी शाळा असते आणि शाळेच्या दिवशी दुसरा कार्यक्रम ठेवायचा नाही, हे समितीत ठरलेले आहे. ही फेरी मी सात वर्षे नेतो आहे, त्यामुळे वार बदलण्याऐवजी क्रम बदलावा, असे माझे मत आहे. दहाला आल्टर पेटर, म्हणजे सेंट पीटर चर्चच्या मनोऱ्यावर चढावे. त्याचे दार बाहेरून वेगळे आहे, त्यामुळे 306 पायऱ्या चढताना खाली प्रार्थना करणाऱ्या कोणालाही आपला त्रास होत नाही, आणि वरून फ्राउएनकिर्शचे दोन्ही घुमट समोर दिसतात. मिस्सा संपल्यावर तिकडे जावे. विटांची ती प्रचंड वास्तू 1468 मध्ये सुरू होऊन अवघ्या वीस वर्षांत उभी राहिली. प्रवेशाजवळच्या फरशीत उमटलेले 'सैतानाचे पाऊल' प्रत्येकाने त्यावर उभे राहून पाहावे, कारण पूर्वी त्या जागेवरून खांबांमुळे एकही खिडकी दिसत नसे आणि चर्चला खिडक्याच नाहीत असे समजून सैतानाने तिथे पाय आपटला, ही दंतकथा त्यातूनच जन्मली.

प्रेषक: वसईच्या काकू

दादा, क्रम उत्तम आहे, पण मिस्सा संपण्याची वाट बाहेरच का पाहायची? आमच्या वसईत गावच्या सणाला शेजारचे हिंदू कुटुंब मागच्या बाकावर येऊन बसायचे, आणि त्यांना कधी कोणी परके मानले नाही. बाळ, पुढच्या वेळी त्या गृहस्थांना "प्रार्थनेला" असे खुशाल सांग आणि मागे शांत बस. टोपी काढावी, जोडे काढू नयेत, फोन बंद ठेवावा, मिस्सेत फिरू नये आणि फोटो घेऊ नयेत. लोक उभे राहतील तेव्हा उभे राहावे. गुडघे टेकणे आवश्यक नाही. मिस्सेत भाकर वाटतात त्या परमप्रसादाच्या रांगेत मात्र जाऊ नये.

सेंट मायकेल चर्चमध्ये रविवारी पुष्कळदा वाद्यवृंदासह मिस्सा असते, ती ऐकावीच. वीस मीटरहून रुंद असलेल्या त्या कमानी छताखाली, मध्ये एकही खांब नसताना, तो सूर कसा भरून राहतो हे शब्दांत सांगता येणार नाही. फादर स्टीफन्सांनी 1616 मध्ये मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापले, ते ज्या येशूसंघाचे (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचे) होते त्याच संघासाठी हे चर्च 1597 मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे तिथे बसले की मला आपली भाषा जवळ वाटते.

प्रेषक: एक सभासद

काकू, फक्त परमप्रसादाविषयी विचारतो. आपल्याकडे देवळात प्रसाद कोणालाही नाकारत नाहीत. मग मुलांनी तो आदराने घेतला तर काय बिघडले?

प्रेषक: वसईच्या काकू

देवळातला प्रसाद देवाला दाखवून वाटलेले अन्न असते. ही भाकर मिस्सेत ख्रिस्ताचे शरीर होते, अशी आमची श्रद्धा आहे, आणि माझ्या मुलांनाही तयारी करून प्रथम परमप्रसादाचा दिवस येईपर्यंत थांबावे लागले होते. मुले जागेवर बसून राहिली तर कोणालाही वाईट वाटत नाही.

प्रेषक: पहिल्या सत्राची विद्यार्थिनी

काकू, मनापासून आभार. काल वर्ग संपल्यावर झेंडलिंगर रस्त्यावरच्या आझामकिर्शमध्ये जाऊन आले. घरांच्या रांगेत दडलेले, जेमतेम आठ मीटर रुंदीचे ते चर्च आझाम बंधूंनी 1733 पासून स्वखर्चाने बांधले. खालचा भाग जवळजवळ अंधारात होता आणि सगळा उजेड वर, छतालगत होता. एक वृद्ध बाई बाकावर जपमाळ ओढत बसल्या होत्या, म्हणून मी कॅमेरा न काढता त्यांच्या मागे बसले. त्यांनी वळून मान हलवली. वीस जणांना तिथे एकदम नेऊ नये, पाच-पाच जण जावेत, अशी विनंती आहे.

प्रेषक: सहल समिती

मान्य. दहाला मनोरा, नंतर फ्राउएनकिर्श, आणि आझामकिर्शमध्ये पाच-पाच जणांचे गट. ज्यांना सेंट मायकेलच्या मिस्सेला बसायचे आहे, त्यांनी काकूंना शुक्रवारपर्यंत कळवावे. त्या गटाची वेळ काकूच ठरवतील.