प्रोस्टेटच्या कॅन्सरमागे उंदराचा व्हायरस?

गोदामवाला:
बाबा ७१ वर्षांचे. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ९ आला, यूरॉलॉजिस्टनी बायॉप्सी सांगितली आहे. त्यात आतेभावाने व्हॉट्सॲपवर जुन्या बातमीचं कात्रण टाकलं: प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये 'एक्सएमआरव्ही' हा उंदरांकडून आलेला व्हायरस सापडला. आमचं धान्याचं गोदाम, उंदीर भरपूर. आई आता नातवाला आजोबांच्या ताटात जेवू देत नाही. याची टेस्ट कुठे होते?

सुमा:
लघवीचं इन्फेक्शन असलं तरी पीएसए वाढतो, तेही डॉक्टरांना विचारा. पण बायॉप्सी परस्पर रद्द करू नका.

पेट्रीडिश:
टेस्ट शोधू नका, नातवाला खुशाल जेवू द्या. मी सेल कल्चर करते, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवते. आमच्याकडे नव्या पोरांना हा किस्सा ऐकावाच लागतो.

२००६ मध्ये क्लीव्हलँडचे रॉबर्ट सिल्व्हरमन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जो डेरिसी यांच्या गटांनी एक्सएमआरव्ही शोधला. संशय हवेतला नव्हता. आरनेस-एल हे जनुक शरीराला व्हायरसशी लढायला मदत करतं, आणि काही घराण्यांत त्यातला बिघाड व प्रोस्टेटचा कॅन्सर सोबत दिसत होते. २००९ मध्ये तर क्रॉनिक फटीगच्या (सततच्या थकव्याचा आजार) पेशंटांतही हाच व्हायरस असल्याचं 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आलं. काही पेशंटांनी त्यावर एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या! इकडे जर्मनीतल्या गटांना मात्र प्रोस्टेटच्या गाठींत तो सापडेना.

उलगडा २०११ मध्ये झाला. विनय पाठक, जॉन कॉफिन आणि सहकाऱ्यांनी एका गाठीचा माग काढला. १९९०च्या दशकात एका पेशंटची गाठ प्रयोगासाठी उंदरांत वाढवली होती, एकातून दुसऱ्यात अशी. (तीही क्लीव्हलँडचीच!) उंदराच्या डीएनएतले दोन जुने व्हायरसचे तुकडे तिथे जुळले आणि एक्सएमआरव्ही तयार झाला. सुरुवातीच्या गाठींत तो नाही, नंतरच्यांत आहे. त्या गाठीपासून बनलेल्या २२आरव्ही१ या पेशी तो भरभरून सोडतात, आणि या पेशी जगभरच्या लॅबमध्ये वापरात आहेत. आणि पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो शोधणारी तपासणी) फसायला तर नखाएवढी भेसळही पुरते.

२०१२ मध्ये सिल्व्हरमन यांच्यासह मूळ गटातल्यांनीच जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले. पेशंटच्या ऊतीत व्हायरस नव्हता, तेव्हा काढलेल्या आरएनएत भेसळ होती. २००६चा शोधनिबंध मागे घेतला गेला. या टप्प्याची बातमी आतेभावापर्यंत पोचलेली दिसत नाही.

गोदामवाला:
हुश्श. पण मग एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस)? तो तर कॅन्सर करतोच म्हणतात.

पेट्रीडिश:
गर्भाशयमुखाचा करतो, त्यात वाद नाही. त्या कामाला २००८ चं नोबेल आहे. प्रोस्टेटबाबत निष्कर्ष उलटसुलट आहेत. गाठीत व्हायरसचा डीएनए मिळणं वेगळं आणि त्याने गाठ केली हे दाखवणं वेगळं. बाबांच्या निर्णयात यातलं काहीच येत नाही. बायॉप्सीच्या आधी डॉक्टरांना एवढं विचारा: पीएसए पुन्हा करायचा का, आधी एमआरआय हवा का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं काय.