संगमेश्वर तालुका: चार एकर रान, दर मार्चला वणवा, आणि आता तोडीवाला मागे लागलाय

सड्यावरचा
सामाईक जमीन, उताराची, सातबारावर वरकस, म्हणजे भातशेतीला न जमणारी हलकी जमीन. ऐन, किंजळ, थोडा खैर, मधे रानमोडीचं तण माजलंय. खालच्या अंगाने वणवा वर चढतो. लाकूडवाला उक्ती, म्हणजे झाडं न मोजता सगळ्याची मिळून, रक्कम देतोय, परवानगीचं तोच बघतो म्हणतो. रान राखायचंय, पण जुनी झाडं काढून थोडे पैसे आले तर हवेत. सुरुवात कुठून करावी?

फेरफार
आधी कागद. सातबाराच्या इतर हक्कात 'खाजगी वन' किंवा 'राखीव वन' असा शेरा आहे का ते बघा, आणि ज्या फेरफाराने (महसुली नोंदीतल्या बदलाने) तो आला त्याची नक्कल काढा. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याने 30 ऑगस्ट 1975 पासून अशा जमिनी शासनाकडे गेल्या. शेरा असेल तर तोडीचा विषय तिथेच थांबतो. मात्र त्या वेळी मालकाची एकूण धारण जमीन 12 हेक्टरच्या आत असेल तर कलम 22-अ खाली परत मिळण्याची वाट आहे. 1927 च्या वन कायद्यातल्या कलम 35(3) च्या जुन्या नोटिशीवरून शेरा पडला असेल तर ती मालकाला प्रत्यक्ष बजावली होती का ते तपासा. नुसती नोटीस निघाली एवढ्याने भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलंय.

शेरा नसला तरी ऐन, किंजळ, खैर ही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतली झाडं. परवानगी घ्यावीच लागते, ती मालकाच्या नावे निघते आणि पुढे काही निघालं तर जाब मालकालाच विचारतात. म्हणून 'मी बघतो' म्हणणाऱ्याला कोऱ्या कागदावर सह्या देऊ नका. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लेखी घ्या. मुंबईचा एक चुलता राहिला तरी अर्ज अडतो.

पायकोयती
वणव्याचं सांगतो. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेला पट्टा, सगळ्या बाजूंनी सारखी मारण्यात दिवस फुकट जातात. आग उतारावर वर धावते, तेव्हा खालच्या हद्दीला 5 ते 6 मीटर रुंद मारा, वर आणि बाजूंना 3 पुरे. गडगा (हद्दीचा दगडी बांध) असेल तर रेषा त्याला लागून घ्या, अर्धं काम तोच करतो.

गवत डिसेंबरात कापून मातीपर्यंत खरवडा. पण फसगत इथेच होते: ऐन-किंजळाची पानं फेब्रुवारी-मार्चात गळतात आणि साफ केलेली रेषा पातेऱ्याने पुन्हा भरते. मार्चच्या सुरुवातीला खराटा मारायलाच हवा. पातेरा रेषेच्या काठाला ढीग करून ठेवू नका, ठिणगी तिथेच पकडते. कलमांच्या आळ्यात टाका.

खालच्या शेतात भाजावळ (पेरणीआधी जमीन भाजणं) कधी आहे ते विचारून ठेवा. निम्मे वणवे तिथूनच सुटत असावेत.

घाटी
रेषेतलं गवत कापण्यापेक्षा जाळून टाकलं तर लवकर होतं. पहाटे दव असताना, चार माणसं आणि ओल्या डहाळ्या हाताशी ठेवून.

पायकोयती
शेजारी वनखात्याची हद्द असेल तर वनरक्षकाला कळवल्याशिवाय काडी लावू नका. वारा फिरला तर गुन्हा आपल्यावर. आणि दहा वाजल्यानंतर तर नकोच.

बुंधा
तोड उक्ती देऊ नका, झाडं मोजून द्या. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर, घेर घ्या, नंबर टाका, यादी करा. ऐन-किंजळ बुंध्यातून फुटतात, म्हणून मुळासकट उपटू देऊ नका. करवतीने जमिनीलगत, किंचित तिरका काप, पाणी साचता कामा नये. हातभर उंच खोड ठेवलं की वरून फुटलेले फुटवे जोराच्या वाऱ्यात सांध्यातून निखळतात. दुसऱ्या वर्षी प्रत्येक बुंध्यावर दोन-तीन जोमदार फुटवे ठेवून बाकी छाटा, चौथ्या वर्षी एकच. तोवर गुरं आत शिरू देऊ नका, कोवळा फुटवा त्यांना फार आवडतो.

रानमोडी ऑगस्ट-सप्टेंबरात, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. नुसती कापली तर बुडातून दुप्पट फुटते, आणि फुलोरा येऊ दिलात तर बी वाऱ्याने सगळीकडे जातं.

ढोली असलेली एक-दोन म्हातारी झाडं यादीतून वगळा. त्यांच्या लाकडाला तसाही भाव नाही, धनेशाला मात्र घरट्यासाठी तीच लागतात.

सड्यावरचा
आभार. गडगा बऱ्याच ठिकाणी ढासळलाय, शेजाऱ्याशी हद्दीवरून कुरबुर आहे. तोडीच्या आधी मोजणी करावी का?

फेरफार
हो, भूमी अभिलेखकडे 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करा आणि शेजाऱ्यांना नोटीस गेल्याची खात्री करा, नाहीतर ते नंतर हरकत घेतात. हद्दीवरचं एखादं झाड वादात असेल तर ते यादीत धरू नका.