सर्व्हरचा बीएमसी बंद करा म्हणे! मग अडल्यावर सर्व्हरवर शिरणार कुठून?

सिरियल_केबल : ‘आणीबाणीची वाट म्हणजे चोराची सोय, बीएमसी बंद करा, एसएसएच पुरे’ हा रूटवालाचा कालचा सल्ला घातक आहे. बीएमसी म्हणजे सर्व्हरच्या बोर्डवरचा वेगळा छोटा संगणक, मुख्य सर्व्हर गोठला तरी त्यातून दुरून शिरता येतं; एसएसएच म्हणजे नेटवर्कवरून नेहमीचं लॉगिन. फायरवॉलचा एक नियम चुकला की एसएसएच गेलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं आउट-ऑफ-बँड (आणीबाणीसाठी वेगळं ठेवलेलं) नेटवर्कही मुख्य नेटवर्कसोबत बसलं, माणसं डेटा सेंटरला धाडावी लागली. दुसरी वाट त्याच डीएनएसवर (नावावरून आयपी शोधणारी सेवा), त्याच एलडॅपवर (युजरची सामायिक यादी) टेकली असेल तर ती दुसरी नाहीच.

रूटवाला : सल्ला माझा, मागे घेत नाही. आयपीएमआय २.० मध्ये (बीएमसीशी दुरून बोलायची पद्धत) युजरनेम बरोबर असलं की लॉगिनआधीच बीएमसी पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड हुडकता येतो) देऊन टाकतो. स्पेसिफिकेशनच तसं आहे, पॅच कशाला करणार? आणि लोक त्याचं पोर्ट, यूडीपी ६२३, जगाला उघडा ठेवतात!

सिरियल_केबल : उघडा ठेवा असं मी कुठे म्हटलं? आयपीएमआय-ओव्हर-लॅन बंद, बीएमसी डेडिकेटेड पोर्टवर, पुढे एलटीई मोडेमचा छोटा गेटवे. सिम बहुधा सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच आयपीमागे) असतं, बाहेरून आत येता येत नाही. म्हणून गेटवेनेच वायरगार्डचा (व्हीपीएन) टनेल बाहेर धरायचा, कीपअलाइव्ह (टनेल जिवंत ठेवणारा संदेश) दर २५ सेकंदांनी. एंडपॉइंटला (टनेलच्या दुसऱ्या टोकाला) आयपी द्या, नाव नको, म्हणजे डीएनएस लागत नाही.

टिकटिक : दारावरून भांडताय, किल्लीचं काय? तासाभरच चालणारं एसएसएच सर्टिफिकेट सगळे मिरवतात. बोर्डवरचं घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल मेला, वीज जाऊन आली, नेटवर्क नाही म्हणून एनटीपी (वेळ जुळवणारी सेवा) नाही. सर्व्हर जुन्या तारखेत उठतो आणि ‘अजून लागू नाही’ म्हणून सर्टिफिकेट नाकारतो. घड्याळावरून बनणारा ३० सेकंदांचा टीओटीपी कोडही तिथेच मरतो.

रूटवाला : मग कायमची की ठेवायची? नोकरी सोडून गेलेल्यांच्या की वर्षानुवर्षं ऑथराइज्ड कीजमध्ये (सर्व्हरवरच्या परवानगीच्या यादीत) पडून असतात. सेल बदला, घड्याळ सांभाळा.

टिकटिक : घड्याळ सांभाळलेलं असतं तर आणीबाणीच कशाला आली असती! सर्टिफिकेट रोजच्यासाठी. आणीबाणीची की माणसाची नसतेच : पिन लावलेल्या दोन हार्डवेअर टोकनांवर दोन की, टोकनं दोन वेगळ्या जागी, ‘फ्रॉम’ (की कुठून चालेल ती अट) लावून फक्त गेटवेच्या आयपीवरून. युजर लोकल, म्हणजे सर्व्हरवरच नोंदलेला. वापर झाला की सगळ्यांना अलर्ट, लॉग दुसऱ्या मशीनवर.

रूटवाला : ‘फ्रॉम’ आणि अलर्ट असेल तर कीपुरतं मान्य. बीएमसी नाहीच. सिरियल कन्सोल (सिरियल केबलवरून दिसणारी सर्व्हरची स्क्रीन) पुरतो.

सिरियल_केबल : ग्रब (बूट सुरू करणारा प्रोग्राम) आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) दोन्हींना १,१५,२०० बॉडचा वेग सांगितला असेल तर पुरतो, एकालाच सांगितला तर अर्ध्या बूटभर स्क्रीन कोरी. आणि कर्नल गोठला की वीज कोण तोडणार? बीएमसी नको तर स्विच्ड पीडीयू (दुरून वीज तोडता-जोडता येणारा प्लग बोर्ड) घ्या.

रूटवाला : पीडीयू चालेल.

सिरियल_केबल : मग तोही त्याच गेटवेमागे. आणि दर महिन्याला मुख्य लिंक उपटून याच वाटेने आत शिरून बघा. रिचार्ज संपून सिम बंद पडलेलं असतं, ते तेव्हाच कळतं.