तास भरले म्हणून वाफेचा पाइप काढायचा, की धातूच्या आतल्या पोकळ्या बघून?

तापीकाठ

भुसावळ-वरणगाव पट्ट्यात दीपनगरचं वीज केंद्र असल्यामुळे बॉयलर, सुपरहीटर (वाफ आणखी तापवणारा भाग), शटडाउन हे शब्द आपल्याकडे घरातल्या बायाबापड्यांनाही माहीत आहेत. म्हणून हा विषय इथे मांडतो. कुठल्या एका केंद्राबद्दल बोलत नाही. ५४० अंशांच्या वाफेवर चालणाऱ्या कुठल्याही संचाला हे लागू आहे.

भारतीय बॉयलर नियमावलीप्रमाणे ४०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला काम करणाऱ्या भागांची एक लाख तासांनंतर तपासणी करून उरलेलं आयुष्य ठरवावं लागतं. न थांबता चालवलं तर एक लाख तास म्हणजे साडेअकरा वर्षांच्या आसपास. नियम तपासायला सांगतो, फेकायला नाही. तरी ओव्हरहॉलिंग आलं की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, तास भरले, काढा. दुसरा म्हणतो, जाडी मापली, बरोबर आहे, चालू द्या. मला दोन्ही मान्य नाहीत. पाइप म्हातारा होतो तो आतून, आणि तिथे बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

आत काय होतं ते सांगतो. धातूत अणू ठरलेल्या जागी ओळीने बसलेले असतात, पण काही जागा रिकाम्या राहतातच. हा पोलाद बनवणाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हे. धातू तापला की त्याची स्थिर अवस्थाच तशी असते. तांब्याचं गणित करून बघा: १००० अंशांना साधारण साडेतीन हजार जागांमागे एक रिकामी. खोलीच्या तापमानाला हेच प्रमाण अब्जावधी पटींनी खाली येतं. शेजारचा अणू रिकाम्या जागेत उडी मारतो आणि पोकळी एक घर मागे सरकते. ताण नसेल तर या उड्या कुठल्याही दिशेने होतात. पाइपमध्ये वाफेचा दाब असला की त्या झुकतात: ओढ बसलेल्या ग्रेन बाउंडरीकडून (धातूतल्या बारीक स्फटिकांमधल्या सीमेकडून) पोकळ्या दाबाखालच्या बाउंडरीकडे जातात, अणू उलट दिशेने येतात, आणि स्फटिक हळूहळू लांबट होतो. नाबारोने १९४८ मध्ये आणि हेरिंगने १९५० मध्ये हे मांडलं. पोलादात याहून मोठं काम डिस्लोकेशनचं, म्हणजे अणूंच्या रांगांमधल्या रेषेसारख्या दोषाचं. कार्बाइडच्या (कार्बन आणि धातूच्या संयुगाच्या) कणापाशी अडकलेलं डिस्लोकेशन पोकळ्या शोषून घेत वरच्या थरात चढतं आणि अडथळा ओलांडतं. गरम धातू ताणाखाली असा हळूहळू ओढला जातो, यालाच आपण क्रीप म्हणतो.

शेवटी ग्रेन बाउंडरीवर सूक्ष्मदर्शकाला दिसतील एवढ्या मोठ्या पोकळ्या, म्हणजे बारीक छिद्रं, तयार होतात. पृष्ठभाग घासून, पॉलिश करून, आम्ल लावून त्यावर प्लास्टिकची फिल्म चिकटवली की तिचा ठसा मिळतो. तो रेप्लिका. नॉयबाउअर आणि वेडेल यांनी १९८३ मध्ये या ठशांवरून पायऱ्या ठरवून दिल्या: सुट्या पोकळ्या, मग एका रेषेत आलेल्या, मग सूक्ष्म तडे, मग उघड तडे. सुट्या असतील तर लक्ष ठेवा, रेषेत आल्या तर ठरावीक मुदतीने पुन्हा बघा, तडे दिसले तर दुरुस्तीची तारीख धरा. इतकी चांगली वाट हाताशी असताना नुसते तास मोजत बसणं म्हणजे धड पाइप भंगारात घालणं आणि सडलेला चालू ठेवणं, दोन्ही एकाच वेळी.

बी_शिफ्ट

नाना, तुमनं म्हननं माले पूर्ण पटनं नही.

मी बॉयलरवर आयुष्य काढलं. पोकळ्या असतील आत, नाही म्हणत नाही. पण शिफ्टमधल्या माणसाच्या हातात काय असतं? तापमान. तेच सांभाळलं तर पोकळ्यांचं तुम्हाला आम्हाला काही करावं लागत नाही. लोड वाढवायच्या घाईत वाफ थंड करणारा पाण्याचा स्प्रे कमी पडतो, सुपरहीटर वीस-पंचवीस अंश वर जातो, लॉगबुकात सरासरी लिहिली जाते आणि विषय संपतो. माझं म्हणणं, तास नकोत, रेप्लिकाही नंतर. आधी खऱ्या तापमानाचा हिशेब मांडा. तो असेल तर पाइप किती जगला ते कागदावर निघतं.

तापीकाठ

@बी_शिफ्ट, दादा, तापमानाचं महत्त्व मी कमी करत नाही, उलट आकडा देतो. लार्सन आणि मिलर यांचं १९५२ चं सूत्र घ्या, त्यातला स्थिरांक नेहमीसारखा २० धरा. जो पाइप ५४० अंशांना एक लाख तास टिकेल, तोच ताण ठेवून ५५० ला साधारण पन्नास हजार तास टिकतो आणि ५६० ला पंचवीस हजार. दर दहा अंशांना आयुष्य निम्मं! आणि असं का? कारण पोकळ्या तयार होणं आणि त्यांचं सरकणं, दोन्ही तापमानाबरोबर घातांकाने वाढतं. तुम्ही तापमान सांभाळता म्हणजे पोकळ्यांनाच लगाम घालता.

पण हिशेब कागदावर निघतो असं म्हणता, तिथे अडतं. ट्यूबच्या आतून ऑक्साइडचा थर चढतो, तो उष्णता अडवतो, आणि वाफेचा काटा ५४० दाखवत असताना धातू त्याहून गरम असतो. तापमान मोजणारा थर्मोकपल प्रत्येक ट्यूबवर नसतो.

बी_शिफ्ट

मग तो थर मोजा ना! अल्ट्रासॉनिकने, म्हणजे ध्वनिलहरींनी, मोजता येतो, आणि थराच्या जाडीवरून धातू सरासरी किती तापला होता तेही काढतात. तेसुद्धा तापमानच झालं.

फैजपूरची_बाई

तापीकाठ सर, मी पदार्थविज्ञान शिकवते, म्हणून तुमच्या पहिल्या परिच्छेदांवर मला स्पष्ट आक्षेप घ्यायचा आहे. तांब्याचा १००० अंशांचा आकडा देऊन तुम्ही वाचकाच्या मनात ५४० अंशांच्या पोलादाचं चित्र उभं करता. तांबं १०८५ ला वितळतं, म्हणजे तुमचं उदाहरण वितळायच्या बेताला आलेल्या धातूचं आहे. लोखंडात पोकळी तयार करायला लागणारी ऊर्जा तांब्यापेक्षा बरीच जास्त. ५४० अंशांना तिथे कोट्यवधी जागांमागेही एखादी रिकामी सापडणं कठीण. असलेल्या पोकळ्या गोळा होऊन तुमच्या रेप्लिकातलं छिद्र बनतं असं विद्यार्थ्यांनी समजून घेतलं, तर ते चुकीचं शिकतील. तेवढ्या पोकळ्या मुळात शिल्लकच नसतात.

छिद्राची सुरुवात कुठून होते? ग्रेन बाउंडरी एकमेकींवर घसरतात, मधे कार्बाइडचा किंवा सल्फाइडचा कण आडवा येतो, तिथे ताण साठतो आणि बाउंडरी उघडते. म्हणून मी म्हणेन, खलनायक कण आणि बाउंडरी आहेत. हजारो तासांत बारीक कार्बाइड एकत्र येऊन जाड होतात, डिस्लोकेशनला अडवणारं काही उरत नाही, पोलाद मऊ पडतं. रेप्लिकात एकही छिद्र नसलेला पाइपसुद्धा असा थकलेला असू शकतो. मग तुमची 'आतल्या पोकळ्या बघून' ही कसोटी काय कामाची?

तापीकाठ

@फैजपूरची_बाई, ताई, आकड्याचं म्हणणं रास्त आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. संख्या कमी असली तरी साठा संपत नाही, कारण ग्रेन बाउंडरी स्वतःच पोकळ्यांची खाण आहे. ओढ बसलेली बाउंडरी नव्या पोकळ्या तयार करत राहते आणि छिद्र त्यांवर वाढतं. छिद्राचा जन्म तुमच्या कणापाशी होतो हे मीही म्हणतो. वाढ कशावर होते, हा प्रश्न आहे. आणि कार्बाइड जाड होतात ते तरी कसे? क्रोमियम-मॉलिब्डेनमचे अणू एका कणापासून दुसऱ्याकडे जातात, आणि हे मोठे अणू पोकळ्यांच्या आधारानेच हलतात.

हे एकेकाळी कुणाला पटत नव्हतं. १९४७ मध्ये किर्केंडालने पितळेच्या कांबीवर मॉलिब्डेनमच्या तारा बांधल्या, वरून तांब्याचा मुलामा चढवला आणि ७८५ अंशांना ठेवून दिलं. जस्त तांब्यापेक्षा वेगाने बाहेर पडलं आणि तारा आत सरकल्या. अणू आपसांत जागांची अदलाबदल करत असते तर तारा जागच्या जागी राहिल्या असत्या. मेहलसारख्या मोठ्या धातुशास्त्रज्ञाचा सुरुवातीला यावर विश्वास बसला नव्हता.

वरणगावकर_आप्पा

७०-३० पितळ म्हणजे काडतुसाचं पितळ. आमच्या फॅक्टरीच्या गावात हा धातू रोजच्या ओळखीचा. त्यावरच हा प्रयोग झाला हे वाचून फार बरं वाटलं. चालू द्या.

जळगावची_सोनारीण

पोकळ्या मोजल्या कुणी, हे कुणी सांगितलंच नाही. आमच्या धंद्यातल्या धातूवर ते काम झालं म्हणून सांगते. सोन्याची बारीक तार लालबुंद करून झटकन थंड केली की गरमीतल्या पोकळ्यांना बाहेर पडायला वेळ मिळत नाही, त्या आत अडकतात आणि तारेचा विद्युतरोध थोडा वाढतो. १९५० च्या दशकात हे मोजलं गेलं. पुढे १९६० मध्ये सिमन्स आणि बालुफी यांनी ॲल्युमिनियम तापवून कांबीची लांबी किती वाढली आणि अणूंमधलं अंतर किती वाढलं, दोन्ही एकदमच मोजलं. लांबी जास्त वाढली होती. तो फरक रिकाम्या जागांचा. वितळायच्या जवळ दहा हजारांत सुमारे नऊ.

ठसा_घेणारा

मी रेप्लिका घेतो, पोटापाण्याचं काम तेच. तरीही धागा सुरू करणाऱ्यांच्या विरोधात लिहितोय, आणि कळकळीने लिहितोय.

सव्वादोन टक्के क्रोमियमच्या जुन्या पोलादावर रेप्लिका चांगली बोलते. पण आता नव्या संचांत ग्रेड ९१ येतं, नऊ टक्के क्रोमियमचं. त्यात नुकसान होतं वेल्डच्या शेजारच्या बारीक स्फटिकांच्या पट्ट्यात. टाइप फोर म्हणतात त्याला. तिथली छिद्रं बहुतेकदा पृष्ठभागाखाली, भिंतीच्या आत वाढतात, आणि दिसायला लागेपर्यंत आयुष्याचा मोठा भाग संपलेला असतो. मी वरून चकचकीत पॉलिश करून स्वच्छ ठसा देतो, अहवालावर 'छिद्रं नाहीत' लिहितो, आणि खाली दहा मिलीमीटरवर काय आहे ते मला दिसत नाही. त्या स्वच्छ ठशाच्या जोरावर कुणी पाच वर्षांची मुदतवाढ घेतली तर माझी झोप उडते. असल्या पाइपला रेप्लिका शेवटची नाही, पहिली पायरी समजा. जोडीला अल्ट्रासॉनिक हवी, कडकपणा मोजायला हवा, आणि वेल्डनंतरची उष्णताप्रक्रिया नीट झाली होती का याचा कागद हवा. ती चुकली असेल तर ग्रेड ९१ एक लाख तासांच्या कितीतरी आधी जातं.

धुळ्याचा_हैदराबादेत

जेट इंजिनाच्या बाजूने दोन शब्द. बाउंडरीच नको, असा मार्ग तिथे काढला आहे. टर्बाइनचं पातं एकाच स्फटिकाचं ओततात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून विमानांत ती आहेत, आणि २०२१ मध्ये डीआरडीओने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती हिंदुस्तान एरोनॉटिक्सला दिली. इथल्या डीएमआरएल या धातुसंशोधन प्रयोगशाळेचं काम.

पण बाउंडरी गेली म्हणून पोकळ्या जात नाहीत. पातं मुख्यतः निकेलचं असतं. निकेल १४५५ अंशांना वितळतं आणि पातं त्याच्या फार खाली नसतं. म्हणून त्यात तीन टक्के किंवा त्याहून जास्त रेनियम घालतात. रेनियमचा अणू निकेलमध्ये फार सावकाश हलतो, त्याच्या शेजारची पोकळी सहज पुढे जात नाही. महाग धातू, तरी घालतात, कारण क्रीप रोखायला त्याच्याइतका उपयोगी दुसरा सापडलेला नाही. आणखी एक: ओतल्यानंतर पात्याला बराच वेळ तापवून आतलं मिश्रण एकसारखं करतात, तेव्हा वेगवेगळे अणू वेगवेगळ्या वेगाने हलल्यामुळे नवी छिद्रं पडतात. किर्केंडालचाच परिणाम. त्यामुळे फैजपूरच्या ताई, मी या वादात तापीकाठ यांच्या बाजूने.

फैजपूरची_बाई

@धुळ्याचा_हैदराबादेत, भाऊ, पात्यात साठ-सत्तर टक्के भाग गॅमा प्राइम या निकेल-ॲल्युमिनियम संयुगाच्या बारीक चौकोनी कणांचा असतो, तो विसरू नका. पात्याची ताकद तिथून येते. रेनियम त्या कणांना जाड होऊ देत नाही म्हणूनही कामाचं. कण आणि पोकळी यांतलं मोठं कोण, यावर आपलं जमणार नाही असं दिसतं. मी वर्गात कणच आधी शिकवणार.

कामगाराची_लेक

सगळ्यांचं वाचलं. अभ्यास दांडगा आहे, पण मला कुणाचंच पटलं नाही. माझे वडील त्याच पाइपखालून रोज जायचे. ५४० अंशांची वाफ सुटली तर ती डोळ्यांना दिसतही नाही. एक लाख तास ही डिझाइन करणाऱ्याने दिलेली हमी आहे. हमी संपली की बदला. पोकळ्या सुट्या आहेत की रेषेत, हे बघत बसण्यात वाचतो तो पैसा कंपनीचा, आणि त्यात अडकलेला जीव आमच्या घरातला. ठसा घेणारे भाऊ स्वतः सांगतायत की आतलं त्यांना दिसत नाही.

तापीकाठ

@कामगाराची_लेक, ताई, जीव आधी, यात वाद नाही. पण एक लाख तास हमी नाहीत. धातूची ताकद किती धरायची हे ठरवताना घेतलेला तो आधार आहे, वर सुरक्षागुणक ठेवून. तापमान दहा अंश जास्त राहिलं असेल तर पन्नास हजारालाच धोका सुरू होतो, आणि 'लाख तास होऊ द्या' म्हणणारा नियम त्या माणसाला वाचवत नाही. शिवाय नवा पाइप बसवायचा म्हणजे नवे वेल्ड मारायचे, शटडाउनच्या घाईत. ठसा_घेणारा यांनी लिहिलेला कमजोर पट्टा तिथेच जन्माला येतो. म्हणून मला तपासणी उशिरा नको, लवकर हवी: पहिला रेप्लिका पाइप नवा असताना, म्हणजे पुढच्या प्रत्येक ठशाला तुलना मिळेल.

ठसा_घेणारा

नवा असतानाचा ठसा आणि कडकपणा, याला माझा पूर्ण पाठिंबा. दीपनगरचा ६६० मेगावॅटचा संच नवाच आहे, तशा संचांत वाफ सहाशेच्या आसपास जाते. पहिल्या मोठ्या शटडाउनला वेल्डच्या जागा खुणा करून ठेवल्या नाहीत, तर वीस वर्षांनी आपल्या जागी येणाऱ्या पोराकडे तुलनेला काहीच नसेल.

कामगाराची_लेक

तो अहवाल कामगारांनाही वाचायला मिळावा, मराठीत. तो मिळेपर्यंत माझं मत बदलत नाही.