विषय: जीएनएम झालेली भाची आणि जर्मनीची मान्यता

नमस्कार मंडळी,
भाची खानापूरची. पीयूसीनंतर, म्हणजे बारावीनंतर, बेळगावात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, आता एका खाजगी दवाखान्यात रात्रपाळी करते. एजंट म्हणतो, जर्मनीत नर्सच मिळत नाहीत, जर्मन भाषेची ए-टू परीक्षा पास हो, बाकी सगळं तिकडं गेल्यावर होतंय. आगाऊ पैसे मागतोय. भाऊजी शेत गहाण टाकायच्या गोष्टी बोलायला लागलेत. या वाटेनं कोणी आलंय का?

---

दादा,
शेताला हात लावू देऊ नका. एजंट अर्धंच खरं सांगतोय. मार्च 2024 पासून आपल्या नर्सिंगच्या शिक्षणाची मान्यता तिकडं जाऊन पुरी करायची मुभा आहे, त्या व्हिसाला ए-टू चालतं. पण नर्सचा परवाना जर्मनच्या बी-टू या वरच्या पातळीशिवाय नाही. तोवर हेल्परचं काम, हेल्परचा पगार. तुटवडा हॉस्पिटलला आहे. परवाना देणारं खातं वेगळं, त्याला कसली घाई नसते.

आधी मार्क्स कार्डं काढून नाव बघा. एसएसएलसीला (दहावीला) नाव आणि इनिशियल, पासपोर्टवर वडिलांचं नाव नि आडनाव, नर्सिंग कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर तिसरंच. त्यात 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारदरबारी बेळगावचं ‘बेळगावी’ झालं, जुन्या कागदांवर ‘बेलगाम’. दोन्ही एकच, असं अ‍ॅफिडेव्हिट आत्ताच करून ठेवा. जन्मदाखला नुसता कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी असलेला नवा मागा.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे शिक्षणाच्या तासांचा, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट: कुठल्या विषयाचे किती, कुठल्या वॉर्डात किती, शाळेच्या शिक्क्यानिशी. परवान्याचं खातं तो तिकडच्या अभ्यासक्रमाशी ताडून काय कमी पडतं ते लेखी कळवतं. मग परीक्षा द्या, नाहीतर वॉर्डात प्रशिक्षण घ्या. परीक्षा लवकर उरकते, तरी मी प्रशिक्षणच सांगेन. म्हाताऱ्यांची शुश्रूषा आपल्याकडं नावापुरती शिकवतात, आणि तिकडं निम्मं काम तेच.

---

अक्कांनी बरोबर सांगितलं. मी निपाणीचा, सध्या घरीच आहे म्हणून थोडी भर घालतो. जर्मनी राहू दे, इथून तासाभरावर कोल्हापुरात नर्सची नोकरी धरायची तरी कर्नाटक कौन्सिलची एनओसी आणि महाराष्ट्र कौन्सिलची नोंदणी लागते. एक देश, एक अभ्यासक्रम, तरी! आणि कौन्सिल बेंगळूरला, 500 किलोमीटरवर. तेव्हा भाचीनं ट्रान्सक्रिप्ट, व्हेरिफिकेशन सगळं एकाच फेरीत मागावं.

केरळनं नॉर्का या परदेशातल्या केरळींसाठीच्या आपल्या सरकारी संस्थेमार्फत 2021 मध्ये जर्मनीच्या रोजगार खात्याशी करार केला, तिथं मुलींना एजंटला पैसे द्यावे लागत नाहीत. महाराष्ट्रानं 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी केला. आपण सीमाभागातले मात्र मधेच लोंबकळत, हे काय नवीन नाही. खानापूरची मुलगी महाराष्ट्राच्या योजनेत बसते का, हे आपल्या मंडळानं लेखी विचारावं असं माझं मत.

एजंटचं लायसन ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या पोर्टलवर दिसतंय का बघा, दादा. आणि पैशाची पावती मागा, बघू काय म्हणतोय.