केनियातल्या मोंबासाचा किल्ला, फोर्ट जीझस : हातात एकच सकाळ, काय आणि कोणत्या क्रमाने बघावं?

पायवाट
नैरोबीहून दुपारी ३ च्या मादाराका एक्सप्रेस रेल्वेने मोंबासाला जायचं, रात्री मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ३ च्याच गाडीने परत, असं ठरतंय. म्हणजे किल्ल्याला एक सकाळ. बरोबर सत्तरी ओलांडलेले दोघं आहेत. इंटरनेटवर जिकडेतिकडे "पोर्तुगीजांनी बांधला, माणसाच्या आकाराचा आहे" एवढंच सापडतं. बुरुज, दरवाजा, पाण्याची सोय यात आम्हाला जास्त रस आहे. वेळ पुरेल का? गाईड घ्यावा का? तिकिटाचे पैसे रोख चालतात का?

गलबत
वेळ पुरतो, पण हिशोब परतीच्या गाडीपासून उलटा करा. किल्ला आणि जुनं गाव बेटावर आहे, पण मोंबासा टर्मिनस, म्हणजे रेल्वे स्टेशन, बेटावर नाही, मुख्य भूमीवर मिरितिनीला आहे. बेटावरून तिकडे जायला माकुपाचा पूल आणि चांगाम्वे ही वस्ती ओलांडावी लागते, आणि त्या रस्त्यावर बंदराचे कंटेनर ट्रक असतात. सगळं सुरळीत असलं तर पाऊण तासात पोचाल, ट्रक अडकला की कशाचाच भरवसा नाही. स्टेशनात शिरताना सामानाची तपासणी होते, त्यामुळे २ वाजता दारात हवं. म्हणजे किल्ल्यातून १२ ला बाहेर आणि साडेबाराला टॅक्सीत. एकपर्यंत रेंगाळलात तर धावपळ ठरलेली.

किल्ला सकाळी ८ ला उघडतो. आठलाच आत शिरा. तीन तासांत नीट बघून होतो. गावातून टुकटुक (रिक्षा) थेट दरवाजापर्यंत सोडते, भाडं बसण्याआधी ठरवायचं.

तिकीट केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालय खात्याचं. केनियन नागरिक, पूर्व आफ्रिकेतले रहिवासी आणि बाकी परदेशी असे वेगवेगळे दर आहेत. सरकारी भरणा आता ई-सिटिझन या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन होतो, म्हणून रोख घेतीलच असं धरून जाऊ नका. एम-पेसा (मोबाइलवरून पैसे भरायची केनियातली सोय) नसेल तर आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर खातं उघडून कार्डाने पैसे भरा. दारात उभं राहून मोबाइलवर ओटीपीची वाट बघण्यात सकाळचा गारवा निघून जातो.

रेल्वेचं तिकीटही आधीच काढा. जानेवारी २०२४ पासून नैरोबी ते मोंबासा साध्या वर्गाला १,५०० आणि पहिल्या वर्गाला ४,५०० शिलिंग आहेत. शनिवार-रविवार आणि डिसेंबरात आयत्या वेळी मिळत नाही.

चुनखडी
क्रमाबद्दल सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. दरवाजातून सरळ संग्रहालयात शिरतात, तासभर भांडी बघतात आणि दहा-साडेदहाच्या उन्हात बुरुजांवर चढतात. अंगणात सावली जवळजवळ नाही. उलट करा : आधी बाहेरून, मग बुरुज, शेवटी संग्रहालय.

बाहेरून म्हणजे जमिनीकडच्या बाजूला कोरडा खंदक बघा. तटाचा खालचा भाग रचलेला नाही, तो मूळ प्रवाळखडकच तासून उभा केलाय. वर प्रवाळाचेच दगड आणि चुना. खडक कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं ती रेघ सकाळच्या तिरप्या उन्हात सहज ओळखू येते. समुद्राकडची बाजू ओहोटीला जास्त उलगडते. अमावास्या-पौर्णिमेला इथे भरती-ओहोटीत तीन मीटरहून जास्त फरक पडतो, तेव्हा भरतीचं वेळापत्रक बघून ठेवा. त्या बाजूचा पायथा लाटांनी पोखरला जात होता, म्हणून अलीकडे तिथे संरक्षक भिंत घातली आहे. तिला किल्ल्याचा तट समजू नका.

काम १५९३ ते १५९६ या काळातलं, आराखडा जोव्हानी बातिस्ता कैराती या मिलानच्या वास्तुविशारदाचा. चार बुरुज : सान फेलिपे, सान आल्बेर्तो, सान मातियास, सान मातेउस. सान फेलिपे आणि सान आल्बेर्तो हे जमिनीच्या बाजूचे. त्यांच्या एकमेकांसमोरच्या बाजूंना आत वळलेले कोन ठेवलेत. त्यातल्या एका कोनात उभं राहून समोर बघा. मधल्या तटाला शिडी लावणारा माणूस दोन्हीकडून तोफेच्या टप्प्यात येतो. गोल बुरुजाच्या पायथ्याशी मारा न पोचणारा एक कोपरा राहतो, तो इथे नाही. हे एकदा उमगलं की "माणसाच्या आकारा"चं कौतुक जरा मागे पडतं. तो आकार प्रबोधनकाळातल्या इटालियन आराखड्यांच्या विचारातून आलाय आणि नकाशावरच दिसतो. जागेवर उभं राहून डोकं-हात शोधत बसू नका.

ज्येष्ठांसाठी : अंगण, संग्रहालय आणि दरवाजाचा भाग सोपा आहे. बुरुजांवरच्या पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि सगळीकडे कठडा नाही. प्रवाळ घासला की कातडी सोलते, त्यामुळे चपला नकोत. एप्रिल-मे हा मोठ्या पावसाचा काळ, तेव्हा दगडांवर शेवाळ असतं.

खलाशी
चुनखडी यांच्या क्रमाशी सहमत, पण एक भर घालतो. आज वर दिसणारं बरंचसं काम पोर्तुगीज नाही. १६९८ मध्ये ओमानच्या अरबांनी किल्ला जिंकला, त्यानंतर त्यांनी तट उंचावले आणि तोफांसाठी नवे चौथरे केले. सान फेलिपे बुरुजावरचं ओमानी घर अठराव्या शतकाच्या अखेरचं. त्याच्या छपरावरून जुनं गाव आणि बंदराचं तोंड एका नजरेत येतं, आणि किल्ला इथेच का बांधला हे वेगळं सांगावं लागत नाही. मझरुई या मोंबासावर पुढे राज्य केलेल्या घराण्याच्या दालनातले दगडी बाक आणि कोरीव मजकूरही चुकवू नका.

दरवाजावरचा लेख १६३५ चा. तो वाचायचा तर आधी १६३१ माहीत हवं. मोंबासाचा सुलतान युसुफ बिन हसन लहानपणी गोव्यात नेला गेला, तिथे ख्रिस्ती झाला, दों जेरोनिमो हे नाव घेऊन परत गादीवर बसला, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याने किल्लेदाराला मारून किल्लाच घेतला. पुढच्या वर्षी पोर्तुगीज परतले. लेखातली पोर्तुगीजांची फुशारकी त्यानंतरची आहे.

पाण्याबद्दल विचारलंय. पोर्तुगीजांनी पावसाचं पाणी साठवायला खडकात टाकं खोदलं, नंतरच्या अरबी काळात विहीर आली. वेढ्यात रसद मात्र समुद्रातूनच येणार. १३ मार्च १६९६ ते १३ डिसेंबर १६९८, म्हणजे तेहतीस महिने ओमानी वेढा चालला. आतले बहुतेक लोक तोफेने नाही, उपासमार आणि रोगराईने गेले. शेवटी मोजकीच माणसं उरली होती.

मदतीला आलेलं सांतो आंतोनियो द तान्ना हे जहाज १६९७ मध्ये किल्ल्यासमोरच बुडालं. हे जहाज वसईत बांधलेलं. १९७७ ते १९८० मध्ये पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी त्याचं उत्खनन केलं आणि त्यातल्या वस्तू संग्रहालयात आहेत. निघण्यापूर्वी वीस मिनिटं तिथे राखून ठेवाच. जवळच पोर्तुगीज खलाशांनी कोळसा आणि गेरूने भिंतीवर काढलेली चित्रं आहेत : जहाजं, माणसं, एक देऊळवजा चर्च. रेघ कच्ची आहे, पण शिडं आणि दोर बरोबर जागी आहेत. काढणाऱ्याने आयुष्य डोलकाठीवर घालवलं असणार. फ्लॅश बंद ठेवा.

पायवाट
वसईचं जहाज! हे कुठेच वाचलं नव्हतं. गाईडचं राहिलं. आणि समुद्राकडे उतरणारा बोगदा गुलामांसाठी होता, असं एका ठिकाणी लिहिलंय. खरं का?

चुनखडी
तो खडकातून कोरलेला मार्ग आहे. होडीतून माल आणि माणसं आत घ्यायला किल्ल्याला समुद्राकडे दार लागतंच. गुलामांची गोष्ट पर्यटकांच्या गळी सहज उतरते, म्हणून ती सांगितली जाते. गाईड घ्यायचा तर आत तिकीट खिडकीवर विचारून ओळखपत्र असलेला घ्या, आणि किती वेळ, किती पैसे, माणशी की सगळ्यांचे मिळून, हे आधी बोला. भांडण नेहमी या शेवटच्या मुद्द्यावर होतं.

गाईडला एक विचारा : स्वाहिलीत तुरुंगाला "गेरेझा" का म्हणतात? तो पोर्तुगीज "इग्रेझा", म्हणजे चर्च, या शब्दावरून आलाय. आणि ब्रिटिशांनी १८९५ पासून १९५८ पर्यंत हा किल्ला तुरुंग म्हणूनच वापरला. कोठड्या हटवून, डागडुजी करून १९६० मध्ये संग्रहालय उघडलं. २०११ पासून जागतिक वारसा.

गलबत
आणखी काही गोष्टी, या किल्ल्याच्या नाहीत पण सहल याच बिघडवतात. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते लस घेतल्यावर १० दिवसांनी ग्राह्य धरलं जातं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आठवड्यावर प्रवास आला असताना लस शोधून उपयोग नाही. केनियाची ईटीए, म्हणजे देशात शिरायची ऑनलाइन परवानगीही आधी ऑनलाइन काढायची. प्लास्टिकच्या कॅरीबॅग २०१७ पासून बंद आहेत, सामानातून काढून टाका. ड्रोन परवान्याशिवाय नेऊ नका, विमानतळावरच अडकतो. वेळ उरला आणि लिकोनीच्या फेरीबोटीकडे गेलात तर तिथे कॅमेरा बाहेर काढू नका, मनाई आहे. शेजारच्या जुन्या गावात फिरायचं तर खांदे-गुडघे झाकलेले बरे, वस्ती मुस्लिम आणि जुन्या वळणाची आहे. पण तुमच्या वेळापत्रकात ती गल्ली अर्ध्या तासापेक्षा जास्त बसत नाही, आणि तीही किल्ल्यातून साडेअकराला निघालात तरच.